प्रीमियर पद्मिनी : मागील सस्पेन्शनची मजबुती आणि गंजदुरुस्ती

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी गाडीच्या मागच्या कमानी (लीफ स्प्रिंग), त्या ज्या पत्र्याला टांगलेल्या असतात तो पत्रा आणि त्याला लागणारा गंज यांच्या दुरुस्तीचे तंत्र. गॅरेजात ही कामे दोघांत वाटलेली असतात. पाटे, म्हणजे कमानीच्या पोलादी पट्ट्या, कमानीवाला बघतो, पत्रा डेंटर बघतो. पद्मिनीच्या बाबतीत ही वाटणी घातक ठरते, कारण सडलेल्या पत्र्यावर जाड पाटा चढवला की उरलासुरला पत्राही लवकर फाटतो.

इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११००-१०३ या मालिकेतून ही गाडी उतरली. भारतात ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’, पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावांनी विकली गेली. इंजिन १,०८९ घन सेंमी. चे. उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. आता उरलेल्या गाड्या बहुतेक हौशी मालकांकडे आहेत.

रचना : पद्मिनीला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्या (सिल), चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी आणि टप मिळूनच सांगाडा होतो. मागचा अखंड आस दोन पोलादी कमानींवर बसवलेला असतो. कमानीचे पुढचे टोक, म्हणजे मेन पाट्याचा पुढचा डोळा, बॉडीला बोल्टने जखडलेले असते. मागचे टोक शॅकल नावाच्या हलत्या दुव्यावर झुलते, कारण ओझ्याखाली कमान सपाट होते तशी तिची लांबी वाढते. कमान फक्त वजन पेलत नाही. चाकांचा पुढे ढकलणारा जोर आणि ब्रेक मारल्यावर बसणारा ताण, दोन्ही पुढच्या डोळ्यातून बॉडीत शिरतात. त्यामुळे तपासताना शॅकलपेक्षा पुढच्या टोकाजवळचा पत्रा आधी पाहावा. नेमका तोच चाकाने उडवलेल्या चिखलाच्या तडाख्यात असतो.

गाडी ‘मागून बसली’ की पहिला संशय पाट्यांवर जातो. तो नेहमी खरा नसतो. गाडी सपाट फरशीवर उभी करून दोन्ही बाजूंच्या कमानींचा बाक मोजावा आणि मग जमिनीपासून चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची उंची मोजावी. बाक दोन्हीकडे सारखा असून एक बाजू खाली असेल, तर बुश खलास झाले आहेत किंवा टांगणीची जागाच पत्र्यात वर घुसली आहे. जॅक लावल्यावर दार घासू लागले किंवा नीट लागेना, तर सिल पोखरली आहे असे समजावे.

पाटे : मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी जादा पाटा घालण्याची पद्धत रुळवली आणि त्याला कारणही होते. टपावर कॅरियर, त्यावर सामानाची चळत, आत भरलेली सवारी आणि नंतर डिकीत सीएनजीची लोखंडी टाकी, जी रिकामी असतानाही एका माणसाइतके वजन कायम मागे ठेवत असे. रविवारी सकाळी फेरफटका मारणाऱ्या गाडीला यातले एकही ओझे नसते. तरी केवळ ‘मागून उचललेली दिसावी’ म्हणून जादा पाटा टाकला जातो. हे हौसेचे काम आहे, दुरुस्तीचे नव्हे.

यामागचे गणित सोपे आहे. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि मेन पाट्याच्याच लांबीचा सहावा घातला, तर कडकपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. आखूड पाट्याने त्याहून कमी. जाडी बदलली तर मात्र हिशेब झपाट्याने पालटतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिमी. ऐवजी ७ मिमी. चा पाटा दीडपटीहून अधिक कडक होतो आणि ८ मिमी. चा दुपटीच्या पुढे जातो. तेवढा धक्का मग पाट्यात न जिरता टांगणीच्या पत्र्यात जातो. शिवाय मागची बाजू पुढच्यापेक्षा फार कडक झाली, तर ओल्या वळणावर गाडीचे मागचे टोक सुटण्याची शक्यता वाढते.

बसलेले पाटे थंडच ठोकून बाक चढवण्याची रीत स्वस्त आहे, पण बाक फार दिवस टिकत नाही. पाटे तापवून बाक द्यावेत, तेलात बुडवून कडक करावेत आणि पुन्हा ठरावीक तापमानाला नरमवावेत, हे रीतसर काम. ही सोय नसेल तर नवे पाटे घेणे बरे. पाट्याला वेल्डिंगचा टाका कधीही मारू नये. टाक्याशेजारचे पोलाद ठिसूळ होऊन पाटा तिथेच तुटतो. एरवी तो बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा डोळ्याजवळ तुटतो. पाट्यांमधला गंज घासून काढून ग्राफाइट ग्रीस लावावे. सर्व्हिसिंगच्या वेळी खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची जुनी सवय पाट्यांना मानवते, पण रबरी बुश त्याने फुगून सडतात. यू-बोल्ट ताणले गेलेले असतात, म्हणून ते नवेच घालावेत. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळवटते आणि काही महिन्यांत फाटते. चांगल्या चांगल्या गॅरेजांत हे विसरले जाते.

गंज : लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंजाची रासायनिक क्रिया सुरू होते. समुद्राकाठच्या हवेतले मीठ ती वेगवान करते. म्हणून मुंबई, कोकण, गोवा इथल्या गाड्या देशावरच्या गाड्यांपेक्षा लवकर सडतात. स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या अनेक पट असल्याने तो जोड आतून उकलत नेतो. ओल्या पायपोसाखालची फरशी, पाणी निघायची भोके चिखलाने बुजलेल्या सिल, दारांचे तळ आणि डिकीच्या कडा या नेहमीच्या जागा.

छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. धड पत्रा खणकतो, सडका बद्द वाजतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आत शिरले तर शंका उरत नाही. लोहचुंबक धरला की पुट्टीने भरलेली जागाही सापडते. पुट्टी आणि फायबरचे कापड कमान टांगलेल्या जागी लावणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे. पुट्टी ओल धरते आणि खाली गंज चालूच राहतो. गंजाचे रूपांतर करणारी फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाची द्रावणे वरवरच्या तांबूस थरापुरती उपयोगी. भोक पडलेल्या पत्र्यावर त्यांचा काही इलाज चालत नाही.

पत्रा कापण्याआधी बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी आणि सीएनजीचा संच उतरवावा. गाडीला अनेक ठिकाणी टेकू देऊन दारांच्या चौकटीत आडवे अँगल जखडावेत आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. एका वेळी एकाच बाजूला हात घालावा. दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मधोमध झुकते आणि ती चूक रंग दिल्यावरच दिसते. पत्रा चमकदार, पूर्ण जाडीचा लागेपर्यंत मागे कापावा. नवा तुकडा मूळ जाडीचा घ्यावा. सीओटू वेल्डिंगने आखूड टाके आळीपाळीने निरनिराळ्या जागी मारावेत, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर टाक्याच्या जागचे जस्त आधी घासावे, कारण त्याचा धूर छातीत गेल्यास ताप भरतो.

टांगणीच्या जागी जादा पट्टी लावायची असेल तर ती फार जाड नसावी, कोपरे गोल असावेत आणि तिच्या कडा धड पत्र्यावर दूरवर पसरलेल्या असाव्यात. काटकोनी जाड पट्टीच्या कडेपाशी ताण साचतो आणि पुढची भेग तिथूनच सुरू होते. शेवटी जोडांवर सीलर, पोकळ भागांत मेण आणि तळाला अंडरकोटिंग. पाणी निघायची भोके मात्र मोकळीच ठेवावीत, नाहीतर एवढे सगळे करून ओल पुन्हा आतच कोंडते.

कायद्याची बाजू : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली, पण गाडी मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली हवी. पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वयात आल्या आहेत. अशी नोंदणी दहा वर्षांची असते आणि त्या गाडीला रोजच्या किंवा धंद्याच्या वापराची परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. एवढ्या वापराला कारखान्याचे मूळ पाटे पुरतात.