स्क्रूवर्म: माशीला माशीनंच कसं हरवलं

आजचा भाग एका माशीवर आहे. जेवता जेवता ऐकत असाल तर पॉज करा, नंतर ऐका. मला राग येणार नाही.

गावाकडे गुरं पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. बैलाला जखम झाली, दोन दिवस लक्ष गेलं नाही, की तिच्यात अळ्या पडतात. मग टर्पेंटाइनचा बोळा नाहीतर सीताफळाचा पाला. या अळ्या ब्लोफ्लायच्या. ती चकचकीत निळी-हिरवी माशी असते ना, मेलेल्या उंदरावर सगळ्यात आधी पोचणारी, तिचं हे कूळ. जगात यांच्या हजारावर जाती आहेत, आणि बऱ्याच जणी मेलेल्या मांसावर जगतात. मेलेलं जनावर झटपट साफ होतं त्यात यांचा मोठा वाटा. पण मोजक्या जातींना जिवंत मांसच लागतं. आजची गोष्ट त्यातल्या अमेरिकेतल्या जातीची: स्क्रूवर्म.

मादी जखमेच्या कडेला एका वेळी दोनशे-तीनशे अंडी घालते. जखम मोठी असायची गरज नाही. गोचीड चावलेली जागा किंवा नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली बेंबीसुद्धा पुरते. दिवसभरात अळ्या बाहेर येतात आणि स्क्रूसारख्या आत शिरतात. जखमेच्या वासानं आणखी माद्या येतात. उपचार झाला नाही तर धडधाकट जनावर दगावतं. माणूससुद्धा. १८५८ मध्ये शार्ल कोकरेल या फ्रेंच नौदलाच्या डॉक्टरनं फ्रेंच गयानातल्या कैद्यांमध्ये या अळ्या पाहिल्या आणि माशीचं नाव ठेवलं ‘होमिनिव्होरॅक्स’. अर्थ सरळ आहे: माणूस खाणारी.

आता खरी गंमत. नाव ठेवून झालं, तरी पुढची पंचाहत्तर वर्षं लोक भलत्याच माशीच्या मागे होते. हिची एक चुलत बहीण आहे, दिसायला जवळजवळ तशीच, पण ती मढ्यावर वाढते. टेक्सासमध्ये ही दुसरीच सगळीकडे दिसायची, म्हणून गुन्हा तिच्या नावावर. मेलेली जनावरं जाळा, पुरा, सापळे लावा, असं सगळं चालू होतं आणि गुरं मरतच होती. मरणारच ना! खरी गुन्हेगार मढ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

हा गुंता सोडवणाऱ्या दोघांपैकी एक भारतातून गेलेला होता. वॉल्टर पॅटन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. १९२० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं होतं, की भारतात माणसांच्या आणि गुरांच्या जखमांत अळ्या करणारी नेहमीची माशी म्हणजे ‘क्रायसोमिया बेझियाना’. पुढे ते लिव्हरपूलला गेले. तिथे एमरी कुशिंग या अमेरिकन संशोधकासोबत त्यांनी १९३३ मध्ये सिद्ध केलं, की अमेरिकेतल्याही माश्या एक नाहीत, दोन आहेत. मला विचाराल तर या गोष्टीतला सगळ्यात मोठा शोध हाच, आणि याचंच नाव सगळ्यात कमी घेतलं जातं.

कारण नक्की कुठली माशी हे कळल्यावर तिच्या सवयी बघता आल्या. टेक्सासमध्ये एडवर्ड निपलिंग यांच्या लक्षात आलं, की मादी साधारणपणे आयुष्यात एकदाच जुगते. नर मात्र अनेकदा. मग डोक्यात आलं: निर्बीज नर ढिगानं सोडले तर? मादीची ती एकमेव संधी वाया जाईल, अंडी फुटणारच नाहीत. रेमंड बुशलँड यांनी प्रयोगशाळेत या अळ्या वाढवून दाखवल्या. पण नर निर्बीज करायचे कसे? क्ष-किरणांनी माशांच्या जनुकांत बदल होतात हे हर्मन मुलर यांनी आधीच दाखवलं होतं. बुशलँड यांनी १९५० नंतर स्क्रूवर्मचे कोष नेले टेक्सासच्याच लष्करी इस्पितळातल्या क्ष-किरण यंत्राकडे. यंत्र माणसांसाठी होतं, पण काम झालं.

पहिली चाचणी फ्लोरिडाजवळच्या सॅनिबेल बेटावर. जमिनीपासून इतकं जवळ, की पलीकडून माद्या उडून यायच्या. मग १९५४ मध्ये भर समुद्रातलं कुरासाओ बेट निवडलं. दर आठवड्याला चौरस मैलामागे ४०० निर्बीज नर विमानातून सोडले. काही महिन्यांत बेटावर एकही स्क्रूवर्म उरली नाही.

त्यानंतर कारखानाच निघाला! फ्लोरिडात सेब्रिंगला जुन्या हवाई तळावर, मांसाचा खिमा आणि रक्त घालून, आठवड्याला ५ कोटी माश्या. तिथल्या वासाची कल्पना तुम्हीच करा. १९५९ पर्यंत अमेरिकेच्या आग्नेय भागातून ही माशी गेली. टेक्सासला मात्र वेळ लागला. १९७२ मध्ये ती अशी उसळली, की एकट्या टेक्सासमध्ये ९० हजारांहून जास्त केसेस. शेजारच्या मेक्सिकोत माशी असताना सीमेवर ती थांबणार कशी? मग मेक्सिकोतच तुश्तला गुत्येरेसला महाकारखाना उभा राहिला. १९९१ ला मेक्सिको मुक्त. मधल्या काळात ही माशी लिबियात पोचली, बहुधा आयात गुरांबरोबर. तिथेही याच कारखान्यातल्या १०० कोटींहून जास्त माश्या विमानानं नेऊन तिला संपवलं.

पुढे रेषा पनामाच्या चिंचोळ्या भागापर्यंत खाली सरकली. तिथल्या कारखान्यातून आठवड्यामागून आठवडे माश्या सोडत राहायच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली माशी वर येत नाही. हे कुंपण कायम विणत राहावं लागतं. तिकडे मेक्सिकोतला मोठा कारखाना गरज संपली म्हणून बंद केला गेला.

२०२३ मध्ये पनामातच हजारो केसेस निघाल्या. माशी एकेक देश ओलांडत वर सरकली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या चियापासमध्ये एका गाईच्या अंगावर सापडली. पनामाच्या एका कारखान्याच्या माश्या आता पुरेनात. म्हणून २०२५ मध्ये चियापासमधल्याच मेतापा गावातला फळमाश्यांचा कारखाना स्क्रूवर्मसाठी बदलायचं ठरलं.