घरच्या घरी कान-नाक टोचताय? भोक बारीक, धोका मोठा

शिरूर/दौंड : 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण गावोगाव सगळ्यांना पाठ आहे. तरीही मोबाईलवरचा व्हिडिओ बघून काही पोरं-पोरी सेफ्टी पिन नाहीतर शिवणाची सुई घेऊन स्वतःच कान, नाक, भुवई टोचून घेतात. टोचायची गनही आता ऑनलाइन मागवता येते. टोचलेलं भोक दिसायला बारीक असलं तरी ती जखमच असते, हे मात्र विसरलं जातं.

पाळी वेगळी, वरचा कान वेगळा

कानाची पाळी मऊ असते. तिथे रक्तपुरवठा भरपूर, म्हणून जखम साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते. वरच्या कडक भागात कुर्चा असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरच्या आवरणातूनच पोषण मिळते. तिथे पू झाला की आवरण सुटते, कुर्चा मरते आणि कान चुरगळल्यासारखा आक्रसतो. एकदा गेलेला आकार औषधाने परत येत नाही. वरचा कान भरायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. गनने बोथट खडा जोरात घुसतो, त्यामुळे कुर्चा चेचली जाते. म्हणून वरच्या कानाला गन नकोच.

शेण-मातीतला धनुर्वात

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. सकाळ-संध्याकाळ गोठ्यात आणि दिवसभर रानात हात घालणाऱ्या घरांना हा धोका जास्त. सुई काडीवर धरली, उकळली किंवा जंतुनाशकाने पुसली तरी ती पूर्ण निर्जंतुक झाली असे होत नाही. धनुर्वाताचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात. सुरुवात जबडा आखडण्यापासून होते.

बारशालाच कान टोचायची पद्धत काही घरांत आहे. पण धनुर्वाताची लस असलेले डोस बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी मिळतात. ते होईपर्यंत थांबलेले बरे. पुढचे डोस १६ ते २४ महिने, ५ ते ६ वर्षे, १० वर्षे आणि १६ वर्षे या वयात असतात. लसीकरणाचे कार्ड आधी बघा.

एक सुई, दोघी मैत्रिणी

एकाच सुईने दोघींचे कान टोचले तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस जिवंत राहतो. जत्रेत गोंदवून घेतानाही हेच लक्षात ठेवावे.

टोचायचेच असेल तर

- डॉक्टरकडे जा, किंवा समोर नवीन, सीलबंद सुई फोडणाऱ्या जाणकार सोनाराकडे.
- खोट्या दागिन्यात निकेल असते. त्याने खाज सुटते, पाणी येते. पहिला दागिना चांगल्या सोन्याचा किंवा टायटॅनियमचा असावा.
- घरात कुणाच्या जखमेवर मांस वाढून गाठ येत असेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.
- हळद-तेल, शेणाची राख, चुना लावू नका. उकळून गार केलेल्या एक ग्लास पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा पुसा. हात आधी साबणाने धुवा. दागिना सारखा फिरवू नका.
- जखम भरेपर्यंत विहिरीत, कालव्यात, नदीत पोहू नका.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

लाली पसरणे, ठणका, पू, ताप, वरचा कान सुजून गरम लागणे, दागिना आत रुतणे. असे झाले तर दागिना स्वतः ओढून काढू नका. भोक वरून बुजते आणि पू आत कोंडतो. त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जबडा आखडला, गिळता येईना, तर लगेच १०८ ला फोन करा.

पोरांनी टोचून घेतलेलं घरच्यांच्या भीतीने लपवलं जातं आणि तिथेच उशीर होतो. रागवायचं ते नंतर रागवा, आधी दवाखान्यात न्या.