फ्यूज नसलेलें यंत्र

कोणत्याही यंत्राचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांत दोन प्रयत्न शेजारीं शेजारीं चाललेले दिसतात. एक, यंत्राचें बळ वाढविण्याचा. आणि दुसरा, त्या बळापासून माणसाचें रक्षण करण्याचा. आगगाडीला ब्रेक आला, बाष्पपात्राला जादा वाफ सोडणारी झडप आली, घरांतील विजेला फ्यूज आला. आज ज्या यंत्राची कुळकथा सांगावयाची आहे, त्यांत मात्र बळ ठेवून रक्षणाची तजवीज बुद्ध्या काढून टाकलेली आहे. हें यंत्र म्हणजे वाफेची सिगारेट ओढणाऱ्यांच्या परिभाषेंतील ‘मेकॅनिकल मॉड’ होय.

आपल्या देशांत १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमानें, व पुढें त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें, विजेवर चालणाऱ्या सिगारेटचें उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांस मनाई आहे. तेव्हां हा विषय आपल्या घरचा नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु आपलीं कितीतरी मुलें शिक्षणाकरितां वा नोकरीकरितां इंग्लंड-अमेरिकेंत राहतात, व तेथें ही वस्तु उघड विकली जाते. शिवाय तिच्या पोटांत जो विद्युद्घट असतो, त्याचेच भाऊबंद आपल्या घरांतील बॅटऱ्यांत आणि संगणकांतही बसलेले आहेत.

कथेचा आरंभ एका शाळामास्तरापासून करावा लागतो. जॉर्ज ओहम हा जर्मनींतील कोलोन शहरीं गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तारांचे तुकडे जोडून केलेल्या प्रयोगांचें फळ त्यानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्याचें सार एका ओळींत मावतें: विजेच्या दाबाला तारेच्या रोधानें भागिलें म्हणजे प्रवाह किती वाहील तें कळतें. मायदेशीं त्याची प्रथम उपेक्षाच झाली. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक दिलें. या भागाकारांतच एक धोक्याची सूचना दडलेली आहे. भाजक लहान होत गेला कीं भागाकार फुगत जातो. रोध जवळजवळ नाहींसा झाला, कीं प्रवाह बेफाम वाढतो, तार तापते, आग लागते. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतों. यावर उपाय म्हणून प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं स्वतः वितळून वाट तोडणारी बारीक तार योजण्यांत आली. तोच आपला फ्यूज.

दुसरा धागा विद्युद्घटाचा. लिथियम हा सर्वांत हलका धातु. त्यापासून लहान आकारांत पुष्कळ शक्ति सांठविणारा घट होईल हें १९७० नंतरच्या दशकांत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यानें अमेरिकेंत दाखविलें. परंतु त्याच्या प्रयोगशाळेंत इतक्या आगी लागल्या कीं, त्या विझविणाऱ्या बंबवाल्यांनीं खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करण्याची धमकी दिली, असें सांगतात. १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ यानें कोबाल्टच्या संयुगाचा उपयोग करून घटाचा दाब वाढविला, आणि १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यानें शुद्ध लिथियम धातु वगळून अधिक सुरक्षित घट सिद्ध केला. त्यावर लोखंडाचा जड ठोकळा टाकला तरी कांहीं झालें नाहीं. शुद्ध लिथियमच्या घटावर तोच टाकतांच भयंकर स्फोट झाला. १९९१ सालीं असे घट बाजारांत आले, व २०१९ सालीं या तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि सुरक्षित झाला याचा अर्थ निरुपद्रवी झाला असा नव्हे. घटांतील द्रव ज्वालाग्राही असतो, आणि तो एका मर्यादेपलीकडे तापला कीं उष्णतेंतून उष्णता निर्माण होत जाऊन आवरेनाशी होते.

तिसरा धागा सिगारेटचा. तंबाखू व धूर यांवांचून चालणाऱ्या सिगारेटची सनद हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकनानें १९६५ सालीं मिळविली, पण ती बाजारांत रुजली नाहीं. २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञानें आजची वाफेची सिगारेट घडविली. तिचा घट फार लहान. तेव्हां हौशी लोकांनीं मोठा घट मावेल अशा धातूच्या नळ्या बनविल्या. एका टोकाला कळ, दुसऱ्या टोकाला तारेचें वेटोळें व कापूस, मधें घट, बस्स. पुढें चांगल्या उपकरणांत प्रवाह मोजून वेळीं तोडणारें चिमुकलें मंडल आलें. परंतु कांहींना ती साधी नळीच अधिक आवडली. तिच्यांत मंडल नाहीं, फ्यूज नाहीं. फ्यूजचें काम वापरणाऱ्याच्या डोक्यानेंच करावयाचें असतें.

म्हणून नवशिक्यानें ही नळी हातीं धरूंच नये, हा पहिला नियम. धरणारच असेल तर आधीं भागाकार करावा. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम असेल तर ८.४ अँपियर प्रवाह वाहील, ०.१ असेल तर ४२, आणि तेवढा प्रवाह सामान्य घटाच्या आवांक्याबाहेरचा आहे. घटाची मर्यादा २० अँपियर असेल तर ०.२१ ओहम ही केवळ कड झाली; शहाण्यानें त्याच्या दुप्पट रोध ठेवावा, व तो दर नव्या वेटोळ्याला मापकानें मोजावा. मर्यादा पाहतांना वेष्टनावरचा क्षणिक मोठा आंकडा न धरतां अखंड प्रवाहाचा आंकडा धरावा.

घटाचें सर्व धातूचें अंग हें ऋण टोंकच असतें. धन टोंकापासून त्याला वेगळें ठेवतें तें केवळ पातळ प्लॅस्टिकचें वेष्टन व वरची लहानशी चकती. तें वेष्टन फाटलें असल्यास घट वापरूं नये. वेटोळ्याच्या भागाची मधली खीळ पुरेशी पुढें आलेली नसेल, तर त्याची कड घटाच्या दोन्ही टोंकांना एकदम टेकते. नळीला वायु निसटण्यास भोंकें हवींत. नाहींतर तिचा बाँबच होतो. कळ वापरांत नसतांना कुलुपबंद असावी. सुटा घट नाण्यांत किंवा किल्ल्यांत कधींही टाकूं नये, त्याच्या डबींतच ठेवावा. तो योग्य चार्जरमध्यें, आपल्या देखत भरावा. रात्रीं उशापाशीं नव्हे. कळ वा नळी अकारण तापली तर ती हातांतून ठेवून दूर व्हावें.

ही भीति काल्पनिक नाहीं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २००९ ते २०१६ या काळांतील विजेच्या सिगारेटच्या आगी व स्फोटांची नोंद केली. एकूण प्रकार १९५, जखमी १३३, त्यांपैकीं गंभीर ३८. यांतील ६१ प्रकार खिशांत असतांना घडले. पुढें २०१८ सालीं फ्लॉरिडांत व २०१९ सालीं टेक्सासांत अशा स्फोटानें एकेक मनुष्य प्राणास मुकला. निकोटीनचें व्यसन व त्याचा द्रव लहान मुलांच्या पोटांत गेल्यास होणारी विषबाधा हे धोके निराळेच.

ओहमचा नियम आपल्याकडे परीक्षेपुरता पाठ करून विसरला जातो. कारण घरांतील फ्यूज आपल्या वतीनें तो स्मरत असतो. जेथें फ्यूज नाहीं तेथें विसरण्याची सवलतही नाहीं. परदेशीं असलेल्या मुलाला ही नळी सोडून दे असें तर सांगावेंच. पण तो ऐकत नसेल, तर कळ दाबण्यापूर्वीं भागाकार केला होतास काय, एवढें अवश्य विचारावें.