लाल शर्ट कोणाचा?

गर्दीच्या बसस्टँडवर माझी पिशवी पळवली गेली. चोर लाल शर्टवालाच, असे मी शपथेवर सांगितले. पिशवी निघाली दुसऱ्याकडे, आणि त्याचा शर्ट पांढरा! मी खोटे बोललो नव्हतो. मग डोळे बोलले का?

उत्तर इतिहासात सापडले. १९०९ साली बुडापेस्टच्या डॉ. रेझ्यो बालिंट यांनी एका वेळी एकच वस्तू दिसणाऱ्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. १९८० साली अ‍ॅन ट्रीझमन व गॅरी जेलेड यांनी मांडले, की रंग, आकार मेंदू वेगवेगळे टिपतो. त्यांची मोट बांधते ते अवधान. १९८२च्या प्रयोगांत, लक्ष अन्यत्र गुंतताच माणसांनी एका आकृतीचा रंग दुसरीला बिनदिक्कत चिकटवला.

माझेही तेच झाले असावे. त्या मुलाची क्षमा मागायची मात्र राहूनच गेली.