चोळीबांगडीचा वांटा

भाऊबंदकी म्हटली कीं आम्हां मराठ्यांस कज्जे आठवतात. ते मिटले कसे, हें आम्ही क्वचितच पाहतों. शहाजीराजे १६६४ सालीं वारले व त्यांची कर्नाटकांतील दौलत धाकटे सावत्र पुत्र व्यंकोजी यांजकडे राहिली. १६७७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कोलेरूनकांठीं भावाची भेट घेऊन अर्धा वांटा मागितला. मागणी शास्त्रास धरून होती. मिताक्षरेप्रमाणें पित्याच्या धनांत सावत्र भावांचाही वांटा सारखाच. परंतु व्यंकोजींसही बोलण्यास जागा होती. तंजावर त्यांनीं स्वतः मिळविलें होतें, आणि पुण्याची जहागीर तरी मूळची कोणाची? उत्तर न देतां ते रात्रींच निघून गेले. पुढें लढाई झाली. तींत त्यांस हटविणारे संताजी हेही शहाजींचेच, परंतु अनौरस पुत्र!

येथेंच कथा संपती, तर तींत नवल नव्हतें. परंतु रघुनाथपंत हणमंते मध्यें पडून तह झाला. तंजावर व्यंकोजींकडेच राहिलें. आणि बखरींत आढळणाऱ्या कलमांप्रमाणें बंगळूरचा मुलूख महाराजांनीं भावजय दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठीं दिला.

या एका शब्दांत आम्हांस सारें मर्म दिसतें. तोच मुलूख 'माफी' म्हणून मिळता, तर व्यंकोजींस तो जन्मभर सलता. भावजयीच्या मानाचा म्हणून आला, तेव्हां घेणाऱ्यास मान खालीं घालावी लागली नाहीं व देणाऱ्याचा हक्कही बुडाला नाहीं. वांटे हिशेबानें पडतात; भाऊपण मात्र हिशेबाबाहेरच्या अशा एखाद्या कलमानेंच टिकतें.