क्लोझापिन: रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय ही गोळी का देत नाहीत?

स्किझोफ्रेनियावरची दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ घेऊनही फरक पडला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ क्लोझापिन सुचवतात. कानात आवाज येणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, हे इतर गोळ्यांनी थांबत नाही तेव्हाही अनेकांना या गोळीनं आराम पडतो.

मग ती आधीच का देत नाहीत? १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या आणि संसर्गानं त्यांचा मृत्यू झाला. अनेक देशांत औषध मागे घेतलं गेलं. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या २६८ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ३० टक्के रुग्ण क्लोझापिननं सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिननं फक्त ४ टक्के. ती परत आली, पण रक्ततपासणीच्या अटीवर.

ही तपासणी म्हणजे आपली नेहमीची सीबीसी. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. पेशी धोकादायक पातळीला जाणं शंभरात एकापेक्षाही कमी जणांत होतं, तेही बहुतेकदा पहिल्या १८ आठवड्यांत. गोळी सुरू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर 'व्हायरल असेल' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पहिल्या एक-दोन महिन्यांत छातीत दुखलं, धाप लागली, तरीही तसंच. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते.

रक्ताची भीती सगळ्यांना असते, बद्धकोष्ठतेकडे मात्र कुणी पाहत नाही. या गोळीनं आतड्यांची हालचाल इतकी मंदावू शकते की आतडं अडकून जीव जातो. रुग्ण स्वतःहून सांगेलच असं नाही, घरच्यांनीच विचारावं. इसबगोलही डॉक्टरांना विचारूनच, कारण मंद आतड्यात ते साचून राहू शकतं. पोट फुगलं, दुखलं, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट विडी-सिगारेटची. धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध लवकर संपवतं. रुग्णानं सिगारेट अचानक सोडली (किंवा ॲडमिट झाल्यामुळे सुटली), तर तोच डोस रक्तात खूप वाढतो आणि गुंगी, अगदी फिटसुद्धा येऊ शकते. सिगारेट जरूर सोडावी, फक्त आधी डॉक्टरांना सांगून. निकोटिनच्या च्युइंगमनं हा फरक भरून निघत नाही, कारण परिणाम निकोटिनचा नसून धुराचा असतो.

झोप, वजन आणि साखर वाढणं, रात्री उशी भिजेल इतकी लाळ येणं, हे त्रास बरेचदा होतात. त्यांना कंटाळून किंवा एखादी रील पाहून गोळी परस्पर बंद केली, तर आजार जोरात उलटू शकतो. आणि ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला असेल, तर जुना डोस एकदम घेऊ नका. बीपी घसरून रुग्ण कोसळू शकतो. डॉक्टर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात.