टोप्यांवरचे पक्षी आणि पहाटेची फेरी

मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये भल्या सकाळी माणसांचे घोळके दिसतात. गळ्यात दुर्बिणी, माना वर, पुढे एक जाणकार. दक्षिणेकडून येणारे पक्षी रात्रभर उडतात आणि पहाटे उतरायला जागा शोधतात. चहूकडे काँक्रीट, मधे ८४३ एकरांचा हा हिरवा तुकडा. उतरणार कुठे? इथेच! सगळ्यात जास्त भाव वार्बलरना. (आपल्या वटवट्यालाही इंग्रजीत वार्बलरच म्हणतात, पण कूळ वेगळं. हे मुठीत मावणारे, पिवळे, केशरी, निळे.)

रिकामटेकड्यांची हौस, असं वाटेल. पण अशा फेऱ्यांमागे चांगलंच राजकारण आहे, आणि ते सुरू होतं टोप्यांपासून.

साल १८८६. बँकेत नोकरी करणारा फ्रँक चॅपमन नावाचा तरुण मॅनहॅटनच्या बाजारपेठेत दोन दुपारी फिरला आणि बायकांच्या टोप्या मोजत सुटला. टोप्या ७००. त्यातल्या ५४२ वर पिसं, नाहीतर अख्खे पेंढा भरलेले पक्षी. त्याने ४० जाती ओळखल्या, त्यात सुतार, सुरय, अगदी घुबडसुद्धा! म्हणजे पक्षी बघायला बागेत जायची गरजच नव्हती, फुटपाथवर उभं राहिलं की झालं.

त्याच वर्षी जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी पक्ष्यांसाठी ऑड्युबन सोसायटी काढली. हजारो लोकांनी प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. तीनेक वर्षांत संस्था बंद. सही करायला काय जातं हो? टोपी तर सगळ्या बाजारात तशीच मिळत होती.

आता खरी गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात, मुलींच्या कॉलेजात, फ्लॉरेन्स मेरियम शिकत होती. वय बावीस-तेवीस. तिने मैत्रिणीबरोबर कॉलेजात पक्षिमंडळ काढलं. वर्गात बहुतेकींच्या टोप्यांवर पिसं. तिने भाषण देऊन त्यांना लाजवलं असतं, तर दोन दिवस चर्चा झाली असती आणि मग काही नाही. तिचा हिशेब वेगळा होता: टोपीबद्दल फार बोलायचं नाही, मुलींना रानात न्यायचं, पक्ष्यांशी ओळख करून द्यायची. ओळख झाली की पिसं आपोआप उतरतील. निसर्गलेखक जॉन बरोज यांना तिने बोलावलं, आणि पहाटे मुलींचे जथे त्यांच्यामागे शेतांतून निघाले. दुर्बीण म्हणजे काय, तर नाटकाला नेतात ती छोटी. पुढे त्यावरच तिने नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिलं. बंदूक न चालवता पक्षी ओळखायचा, ही त्या काळी नवीनच गोष्ट. तोवर अभ्यासकसुद्धा पक्षी आधी पाडत आणि मग ओळखत.

दहा वर्षांनी, १८९६ मध्ये, बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या बहिणींनी (नात्याने चुलत-मावस म्हणा) श्रीमंत घरांतल्या बायकांना एकेक करून वळवलं आणि मॅसॅच्युसेट्स ऑड्युबन सोसायटी उभी केली. मतदानाचा हक्क नसलेल्या बायका, पण पैसा त्यांच्या टोपीत होता. मग कायदे आले. १९०० चा लेसी कायदा. १९१६ मध्ये कॅनडासाठी ब्रिटनशी करार, आणि १९१८ चा स्थलांतरित पक्षी कायदा. आपलाही यात भाग आहे बरं का: इथल्या पक्ष्यांचीही पिसं परदेशी बाजारात जात होती, आणि १९०२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने त्यांची निर्यात बंद केली.

१९१८ च्या कायद्याला दात होते. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीनंतर बीपी कंपनीला याच कायद्याखाली १० कोटी डॉलर भरावे लागले. म्हणूनच तो अनेकांना खुपतो. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारी वकिलांनी मत दिलं की मारायचा हेतू नसेल तर गुन्हा नाही. २०२० मध्ये कोर्टाने ते फेटाळलं. एप्रिल २०२५ मध्ये तेच मत पुन्हा लागू झालं. हेतू नव्हता म्हणे! तेलात बुडालेल्या पक्ष्याला त्याने काय फरक पडतो?

तिकडे न्यूयॉर्कमध्ये मात्र १९९७ पासून स्वयंसेवक स्थलांतराच्या दिवसांत पहाटे निघतात आणि काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी आपटून मेलेले पक्षी गोळा करतात, जात लिहितात, आकडा लिहितात. चॅपमनने टोप्या मोजल्या तसंच. त्या नोंदी हातात घेऊन लोक नगर परिषदेपुढे गेले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये नवीन इमारतींना पक्ष्यांना दिसेल अशी काच लावणं शहराने सक्तीचं केलं. जुन्या इमारती तशाच आहेत, त्यामुळे पहाटेची मोजणी अजून चालू आहे.